वाफल फुगलं म्हणून सिनेमा टाकू नका

पत्र

आम्ही सोसायटीतल्या बारा जणी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा बघतो. वयं सव्वीस ते बहात्तर. यंदा विषय घेतला होता: जुन्या हॉलिवूडच्या विनोदी प्रेमपटांतली करिअर करणारी बाई. सहा सिनेमे बघायचे ठरले. पहिला लावला कॅथरीन हेपबर्नचा ‘वुमन ऑफ द इअर’. दीड तास सगळ्या खूश होत्या. शेवटी ती एवढी नावाजलेली पत्रकार नवऱ्यासाठी नाश्ता करायला जाते आणि तिची फजिती होते. तिथे आमच्यातल्या दोन निवृत्त बँक अधिकारी पोट धरून हसल्या आणि माझी मुलगी उठून गेली. ‘असलं बघण्यात मी शनिवार घालवणार नाही’ म्हणाली. मग चर्चा घसरत घसरत कोणाच्या सुनेने नोकरी का सोडली इथवर आली. आता हा विषयच सोडून द्यावा का? नसेल तर उरलेले पाच सिनेमे कोणते आणि कोणत्या क्रमाने लावू? आणि भांडण कसं टाळू?

एक वाचक, ठाणे

उत्तर

विषय सोडू नका. तुमची मुलगी उठली ती बरोबर ठिकाणी उठली, आणि त्या दोघी हसल्या त्याही बरोबर ठिकाणी. चुकला तो क्रम. नवख्या गटाला पहिल्याच दिवशी हा सिनेमा दाखवला की शेवटची काही मिनिटं आधीचं सगळं पुसून टाकतात.

त्या स्वयंपाकघराचं आधी बघू. टेस हार्डिंग परराष्ट्र घडामोडींवर लिहिणारी, चार-दोन परक्या भाषा सहज बोलणारी. तिचा नवरा सॅम क्रेग त्याच वर्तमानपत्रात खेळांवर लिहितो. संसार मोडल्यावर मावशीच्या लग्नातल्या शपथा ऐकून टेसचं मन भरून येतं, ती सॅमच्या घरी जाते आणि पाककृतीचं पुस्तक उघडते. कॉफी उतू जाते, टोस्टरमधून ब्रेड उडतो, वाफलच्या साच्यातून पीठ फुगून बाहेर येतं आणि या सगळ्या धांदलीत तिच्या खांद्यावरचा पट्टा सारखा घसरत राहतो. संवाद जवळजवळ नाहीतच. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी उमेदीच्या काळात लॉरेल-हार्डीच्या मूकपटांचा कॅमेरा सांभाळला होता. वस्तू माणसावर कशा उलटतात हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. तेव्हा हसू येणं साहजिक आहे. लबाडी आहे ती मागच्या हिशेबात: जी बाई मुत्सद्द्यांशी त्यांच्या भाषेत बोलते तिला छापील कृती वाचून वाफल जमत नाही, आणि ते जमत नाही म्हणून ती अपुरी.

हा शेवट मुळात नव्हताच. रिंग लार्डनर धाकटे आणि मायकेल कॅनिन यांनी वेगळा शेवट लिहिला होता. प्रदर्शनाआधीच्या खासगी खेळानंतर स्टुडिओला वाटलं की या बाईला थोडं खाली आणल्याशिवाय प्रेक्षकांचं समाधान होणार नाही. जॉन ली मेहिन यांच्याकडून नवा शेवट लिहून घेतला आणि जोडला. पुढे पटकथेचं ऑस्कर मिळालं ते लार्डनर आणि कॅनिन यांना! त्याहून मोठी गंमत म्हणजे ही पटकथा एमजीएम स्टुडिओकडे घेऊन गेली होती खुद्द हेपबर्न. लेखकांची नावं झाकून ठेवून तिने स्टुडिओचे प्रमुख लुई मेयर यांच्याशी भावाची घासाघीस केली. पडद्यावर वाफलपुढे हरणारी बाई पडद्यामागे स्टुडिओच्या प्रमुखाला पुरून उरली होती.

तुमच्या मुलीचं एक वाक्य ऐकायचं राहिलं. फजिती संपल्यावर सॅम म्हणतो ते साधारण असं: मला नुसती टेस हार्डिंग नको आणि नुसती मिसेस सॅम क्रेगही नको, तू टेस हार्डिंग क्रेग का होत नाहीस? सिनेमा एक पाऊल मागे घेतो, पण उशिरा. तोवर निम्म्या हसत असतात आणि निम्म्या चिडलेल्या.

आणि खरा खटला वाफलचा नाहीच. तो त्या ग्रीक निर्वासित मुलाचा आहे. टेस नवऱ्याला न विचारता मूल घरी आणते आणि पुरस्काराच्या रात्री त्याला घरी एकटं ठेवून जायला निघते. सॅम तिला न विचारता त्याला अनाथाश्रमात परत सोडून येतो. दोघांनीही विचारलेलं नाही, पण दोष कॅमेरा कोणाच्या पदरात घालतो? चर्चेला हा प्रसंग घ्या. नाश्त्यापेक्षा याच्यावर तासभर जास्त बोलता येईल.

कोणीतरी म्हणेलच, ‘तेव्हा सेन्सॉर कडक होतं, म्हणून असे शेवट.’ हे अर्धंच खरं. हॉलिवूडची निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची नियमावली, 1930 साली आली आणि 1934च्या मध्यापासून तिची खरी अंमलबजावणी झाली. विवाहसंस्थेचं आणि घराचं पावित्र्य राखा असं तिच्यात होतं. बायकांनी नोकरी सोडावी असं काही नव्हतं. आता 1933चा ‘फीमेल’ घ्या. जेमतेम तासाभराचा सिनेमा. ॲलिसन ड्रेक मोटारींचा कारखाना चालवते, हाताखालच्या तरुणांना घरी बोलावते, दुसऱ्या दिवशी त्यांना विसरते. कडक संहितेच्या आधीचं हे. आणि शेवटी? कारखाना तू चालव, मला नऊ मुलं हवीत, असं ती ज्याच्यावर जीव जडतो त्या माणसाला सांगते. म्हणजे कडक सेन्सॉर नसतानाही शेवट तोच. कारण बाहेर मंदी होती. 1932च्या अमेरिकी कायद्यातल्या एका कलमाने नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कपातीच्या वेळी त्यांच्यापैकी एकाला आधी काढायची सोय केली होती. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बायकोच घरी बसली. ते कलम रद्द झालं 1937 साली. अशा दिवसांत पडद्यावरची बाई पगारावर ठाम राहिली तर ती तिकीट काढणाऱ्याच्या घरातल्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवत होती.

संहितेने उलट एक चांगली खोड लावली. लग्नाबाहेरचं प्रेम दाखवायला अडचण, म्हणून लेखकांनी घटस्फोट झालेली किंवा मोडायला आलेली जोडपी पुन्हा एकत्र आणायला सुरुवात केली. त्यामुळे नायिका कोवळी पोर उरली नाही. लग्न काय असतं हे एकदा बघून आलेली, कमावती, तोंडाने फटकळ बाई मधोमध आली. तुमच्या यादीतला सगळ्यात चांगला सिनेमा याच खोडीतून निघाला आहे.

आता उरलेल्या पाच शनिवारांचं.

पहिला ‘डेस्क सेट’, 1957. भांडण झालेल्या गटाला हा मानवतो. वेग बेताचा, आणि पडद्यावर एक नाही, चार नोकरदार बायका, एकमेकींवर जीव असलेल्या. बनी वॉटसन एका प्रसारण कंपनीच्या संदर्भ विभागाची प्रमुख. दिवसभर फोन वाजतो, लोक काहीही विचारतात, या चौघी उत्तरं देतात. तिथे रिचर्ड समनर हा यंत्रतज्ज्ञ एमरॅक नावाचा संगणक बसवायला येतो. गच्चीवरचं जेवण नीट बघा. कडाक्याच्या थंडीत तो सँडविच खाता खाता तिला कोडी घालतो. ती चावत चावत उत्तरं देते आणि वर ती कशी सुचली तेही सांगते. हुशारी नुसती सांगितलेली नाही, आपल्यासमोर चालताना दिसते. पुढे यंत्राला कॉर्फू बेटाबद्दल विचारलं जातं आणि ते कर्फ्यूवरची लांबलचक कविता छापत सुटतं. पगाराचं यंत्र तर सगळ्यांनाच बडतर्फीच्या चिठ्ठ्या वाटतं. शेवटी चौघींच्या नोकऱ्या राहतात. सुरुवातीला आयबीएमचे आभार मानलेले आहेत ते वाचा. यंत्राला कुठवर खलनायक करायचं याला मर्यादा का पडली असावी याचा अंदाज येतो. आणखी एक उलटापालट अशी की इथे कामाशी लग्न लागलेला आहे तो पुरुष. बनीची खरी सवत एमरॅक. तिचा जुना मित्र मात्र सात वर्षं लग्नाचं नाव काढत नाही आणि आपल्या कामात तिच्या डोक्याचा फुकट उपयोग करून घेतो. या माणसाला तुमच्या निवृत्त अधिकारी लगेच ओळखतील.

दुसरा ‘हिज गर्ल फ्रायडे’, 1940. इथे थांबून तयारी करा, कारण हाच सिनेमा चुकीच्या पद्धतीने लावला की वाया जातो. मूळ नाटक 1928चं, त्यात हिल्डी जॉन्सन हा बातमीदार पुरुष आहे. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत असत की एकदा त्यांनी हिल्डीची वाक्यं एका बाईकडून वाचून घेतली आणि ती जास्त खुलली. बातमीदार तोच राहिला, फक्त बाई झाला. त्यामुळे हिल्डीला बाई म्हणून वेगळं कर्तृत्व सिद्ध करावं लागत नाही. पत्रकारांच्या खोलीत तिला सगळे आपल्यातलाच एक, किंबहुना आपल्याहून सरस मानतात. भूमिका रोझालिंड रसेलची. कॅरी ग्रांटपुढे आपली वाक्यं फिकी पडू नयेत म्हणून तिने पदरच्या पैशाने एक जाहिरातलेखक गाठून ती धारदार करून घेतली, हे तिनेच आत्मचरित्रात सांगितलं आहे.

गोष्ट एवढीच: हिल्डी आपला आधीचा नवरा आणि संपादक वॉल्टर बर्न्सला सांगायला येते की मी नोकरी सोडतेय, उद्या ऑल्बनीच्या ब्रूस नावाच्या विमा एजंटाशी लग्न करतेय, आता मला माणसासारखं जगायचंय. वॉल्टर तिला एक शेवटची बातमी करायला लावतो. ती बाहेर गेल्यावर बाकीचे बातमीदार तिच्या टाइपरायटरमधला अर्धा कागद मोठ्याने वाचतात आणि गप्प होतात. मग एक जण म्हणतो की असं लिहिणारी बाई विमावाल्याचे मोजे रफू करायला कायमची जाणार नाही. शेवटच्या भागात ती टाइप करतेय, वॉल्टर फोनवर पहिल्या पानाची उलथापालथ करतोय आणि बिचारा ब्रूस शेजारी उभा राहून विनवतोय. ती हं-हं करत राहते. तो निघून जातो. तो गेलाय हे तिच्या बऱ्याच वेळाने ध्यानात येतं. काम आणि प्रेम यांच्यातली निवड यापेक्षा खरी पडद्यावर क्वचितच आली असेल: ती निवड करत नाही, तिची बोटं करतात.

पण याला स्त्रीमुक्तीचा सिनेमा म्हणून मिरवू नका. वॉल्टर तिला फसवतो, ब्रूसला खोट्या आरोपांत अडकवतो, आणि शेवटी मधुचंद्राऐवजी संपाच्या बातमीवर निघताना बॅग तिलाच उचलावी लागते. नोकरी मिळते, नवरा मिळतो, पण हमाली तिच्याकडेच. शिवाय मॉली मलॉय विसरू नका. ज्या बाईला हे बातमीदार टोमणे मारून मारून खिडकीतून उडी टाकायला लावतात ती. हिल्डी तिला हाताला धरून बाहेर नेते आणि परत येऊन त्याच टोळक्यात बसते. या धंद्यात मोठं व्हायचं तर काय पचवावं लागतं, ते तिथे दिसतं.

तिसरा ‘ॲडम्स रिब’, 1949. नवरा सरकारी वकील, बायको आरोपीची वकील, खटला एकच. लिहिणारेही नवरा-बायकोच: रूथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन. याची फार तयारी नको, आपोआप रंगतो. मालिश चालू असताना ॲडम तिला एक चापट मारतो आणि ती म्हणते, ही तू मनापासून मारलीस, तिथे मात्र थांबवा आणि सिनेमा पुढे नेण्याआधी दहा मिनिटं बोला.

चौथा ‘लव्हर कम बॅक’, 1961. डोरिस डे जाहिरात कंपनीत. ती रात्र रात्र बसून मेणपॉलिशच्या गिऱ्हाइकासाठी मांडणी तयार करते. रॉक हडसन त्याच गिऱ्हाइकाला दारू आणि मुली पुरवून कंत्राट पटकावतो. काम कोणी केलं हे सिनेमा लपवत नाही, तरी जिंकवतो त्याला. शेवट आज अंगावर येतो: दारूच्या अंमलात झालेलं लग्न, ते रद्द करणं, आणि नऊ महिन्यांनी प्रसूतीला जाता जाता इस्पितळाच्या बोळात पुन्हा लग्न. हे लावण्याआधी दोन वाक्यांत सांगून ठेवा. अचानक बघायला लावू नका.

पाचवा ‘वर्किंग गर्ल’, 1988. इथे स्टेटन आयलंडच्या बोटीतून कामाला येणारी सेक्रेटरी वर चढते आणि शेवटी कुणी तिला खाली खेचत नाही. पण तिची कल्पना चोरणारी वरिष्ठही बाईच. एक महत्त्वाकांक्षी बाई चांगली ठरवायला दुसरी वाईट लागली. शेवटचा प्रसंग जवळून बघा: नव्या नोकरीत ती बाहेरच्या टेबलाशी बसते, आतली खोली आपली आहे हे तिला कळतच नाही. मग कॅमेरा मागे मागे जातो आणि तिची खिडकी शेकडो खिडक्यांत हरवते. हे यश की तुरुंग, यावर बारा जणींची बारा मतं पडतील.

वेळ उरला तर सहाव्या महिन्यात ‘यूव्ह गॉट मेल’, 1998. तो लिहिला नोरा आणि डीलिया एफ्रॉन या बहिणींनी; ‘डेस्क सेट’ची पटकथा त्यांच्या आईवडिलांची, फीबी आणि हेन्री एफ्रॉन यांची. आईवडिलांच्या सिनेमात यंत्र आल्यावरही चौघींच्या नोकऱ्या टिकल्या. एकेचाळीस वर्षांनी मुलींच्या सिनेमात नायिकेचं पुस्तकांचं दुकान बंद पडतं आणि ते बंद पाडणाऱ्यावरच तिचं प्रेम बसतं. काळ पुढे सरकला की पडद्यावरची बाईही आपोआप पुढे जाते, असं मानणाऱ्यांना ही जोडी दाखवावी.

आता बघायची रीत. दर सिनेमाला चौघींना एकेक काम द्या, बाकीच्यांनी नुसतं बघावं. एकीने घड्याळ धरायचं: नायिका प्रत्यक्ष काम करताना किती मिनिटं दिसते? ‘मी फार कामात आहे’ असं म्हणणं यात धरू नका. उत्तर देणं, टाइप करणं, युक्तिवाद करणं धरा. दुसरीने तिने सोडलेल्या आणि त्याने सोडलेल्या गोष्टी दोन रकान्यांत लिहायच्या. तिसरीने हशे मोजायचे: तिच्या विनोदावर किती आणि तिच्यावर किती. हे दोन हशे वेगळे आहेत, आणि तुमच्या सोसायटीतलं भांडण नेमकं यांच्या गल्लतीतून झालं. चौथीने लग्नाचा विषय आधी कोण काढतं आणि नकार कोण देतं हे टिपायचं. आकडे समोर आले की ‘मला बाई आवडली नाही’ यापलीकडे बोलणं जातं. ‘वुमन ऑफ द इअर’ मोजलात तर टेसच्या कामाची वर्दळ जास्त आणि काम कमी दिसतं, असं आमचं मत आहे. तुमचा आकडा वेगळा आला तर आम्ही चुकलो.

शेवट येण्याआधी पंधरा मिनिटं सिनेमा थांबवा. प्रत्येकीने दोन ओळींत लिहावं, तिचं पुढे काय व्हावं. चिठ्ठ्या गोळा करा, मग पुढचा भाग लावा, मग चिठ्ठ्या वाचा. स्टुडिओ खासगी खेळात प्रेक्षकांची मतं घेई ते याहून फार वेगळं नव्हतं. पहिली वीस मिनिटं बोलताना प्रत्येक वाक्य ‘पडद्यावर’ या शब्दाने सुरू करायचं. जरा शाळकरी वाटेल, पण सुनेच्या नोकरीचा विषय त्या दारातून आत येत नाही. वीस मिनिटांनंतर आला तर येऊ द्या, तेव्हा त्याला निदान काही आधार असेल.

यंत्रांचं थोडं. 1953च्या आधीचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात. टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसणारच, ‘फुल स्क्रीन’ करून चेहरे ताणू नका. ‘डेस्क सेट’ उलट: तो सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा आहे, पट्टे वर-खाली हवेत. पडदा भरणारी कापलेली प्रत मिळाली तर चारपैकी दोन बायका चौकटीबाहेर जातात आणि सिनेमाचा मुद्दाच जातो. ‘हिज गर्ल फ्रायडे’वरचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क नूतनीकरणाअभावी संपला, त्यामुळे त्याच्या धुरकट, खरखरीत आवाजाच्या प्रती जिकडेतिकडे सापडतात. जीर्णोद्धार केलेली प्रत शोधा. त्यात माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. हॉक्स यांनी वाक्यांच्या दोन्ही टोकांना बिनमहत्त्वाचे शब्द ठेवून ती तशीच लिहवून घेतली होती. इंग्रजी उपशीर्षकं सुरू ठेवा, टीव्हीचा ‘सराउंड’ आवाज बंद करा, आणि वॉल्टर-हिल्डीची पहिली भेट दोनदा दाखवा. पहिल्यांदा वाचायला, दुसऱ्यांदा चेहरे बघायला. दुसऱ्या वेळी दोघींना तरी हसू फुटतं, मग बाकीच्या मागे लागतात.

तुमच्या मुलीला परत बोलवा, पण मनधरणी करू नका. ‘डेस्क सेट’च्या दिवशी तिच्या हातात ते घड्याळ द्या आणि गच्चीवरच्या जेवणापासून मोजायला सांगा.